जबाबात न उतरलेलं बोलणं

हिंगोली जिल्ह्यात बोलताना कुणी ‘सदर इसम’ म्हणत नाही. वसमतच्या हळद बाजारात म्हणत नाही, औंढ्याला नागनाथाच्या रांगेत म्हणत नाही, कळमनुरीच्या बसस्थानकावर तर नाहीच. पण त्याच माणसाचा पोलीस ठाण्यात जबाब झाला, की कागदावर तो म्हणालेला असतो, ‘सदर इसमास मी नावाने व चेहऱ्याने ओळखतो.’ खाली ठरलेली ओळ येते : ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.’ सांगितलं एका भाषेत, लिहिलं दुसरीत, आणि दोन्ही एकच आहेत हे त्या ओळीनं परस्पर ठरवून टाकलं.

बोलीवर आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुतेक शब्दांविषयी. ‘काहून’, ‘लई’, ‘कवा’ यांच्या याद्या निघतात, कौतुक होतं. मला काळजी वाटते ती त्याहून बारीक गोष्टींची : वाक्याच्या शेवटी येणारं ‘मने’, ऐकणाऱ्याचं ‘हूं’, ‘काठीबिठी’तलं ‘बिठी’, उत्तर देण्याआधी घेतलेला दम. माणूस किती खात्रीनं सांगतोय, पाहिलेलं सांगतोय की ऐकलेलं, हे यांच्यावरूनच कळतं. आणि जबाब लिहिताना सगळ्यात आधी गळतं तेही हेच.

पुढचा संवाद मी रचलेला आहे. मामा जिल्ह्यातल्या कोर्टांत साक्षी टंकलिखित करून निवृत्त झालेले. भाची पुण्यात भाषाविज्ञान शिकते, गावोगावचं बोलणं ध्वनिमुद्रित करून त्याचा शब्द न् शब्द उतरवते. माझा कल भाचीकडे आहे. तरी मामांच्या काही प्रश्नांना माझ्याजवळ पुरतं उत्तर नाही, आणि म्हणूनच ते इथे मांडावेसे वाटले.

मामा : तू सांगायलीस ते ऐकायला गोड हाय, बाई. पण साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की काय करतो ते मी पाहिलेलं हाय. वकील इचारतो, भांडण किती वाजता झालं? हा सुरू करतो, त्या रोजी बाजाराचा वार व्हता, आमची हळद शिजवायची चालली व्हती, म्हातारीला ताप आलता, मनून मी घरी आलतो. आता यातलं काय लिहावं?

भाची : सगळं. तो वेळच सांगतोय, मामा. हळद शिजवायचे दिवस म्हणजे उन्हाळ्याचं तोंड. बाजाराचा वार म्हणजे गावातली निम्मी माणसं बाहेर. म्हातारीला ताप म्हणजे तो त्या वेळी घरी का होता याचं कारण. वकिलानं एक विचारलं, यानं पुढच्या तीन प्रश्नांचीही उत्तरं दिली.

मामा : आन् मी त्यातलं ‘सकाळी अंदाजे आठ वाजता’ एवढं ठिवलं, असं तुला मनायचंय.

भाची : आठ वाजता हे तो म्हणाला होता का?

मामा : नाई. तो मनला व्हता, दिवस कासराभर वर आलता.

(‘कासरा’ म्हणजे बैलाला बांधायचा दोर. क्षितिजापासून सूर्य तेवढा वर आला, की दिवस कासराभर. घड्याळाआधीची ही वेळ मराठवाड्यात अजून बोलली जाते, आणि ज्याला ती कळते त्याला बरोबर कळते.)

मामा : साहेब सातारकडचे. त्यांना कासराभर कळंना. माझ्याकडं बगितलं. मी मनलो, सात-आठ वाजले असतील साहेब. त्यांनी सांगितलं, लिहा, अंदाजे आठ. आता तूच सांग, मी काय वाईट केलं?

भाची : तुम्ही मदतच केली. पण उलटतपासात काय झालं?

मामा : वकिलानं इचारलं, तुमच्याकडं घड्याळ व्हतं का? तो मनला, नाई. मंग आठ वाजले हे कशावरून सांगता? तो गप.

भाची : त्यानं आठ म्हटलंच नव्हतं. जे म्हटलं होतं, ते कशावरून हे त्यानं लगेच सांगितलं असतं. सूर्य दिसत होता.

इथे मामा गप्प राहिले असतील, असं मला वाटतं. पण त्यांची बाजू एवढ्यानं संपत नाही. जिल्हा न्यायालयांत साक्ष बहुधा न्यायाधीश तोंडी सांगतात आणि टंकलेखक ती उतरवतो. प्रश्न गाळून उत्तरं सलग निवेदनासारखी लिहावीत, असाच कायद्याचा सर्वसाधारण रिवाज आहे. वाटलं तर एखादा भाग प्रश्नोत्तराच्या रूपात घेण्याची मुभा न्यायाधीशांना असते. म्हणजे कागदावर जे ‘मी’नं सुरू होतं, ते पुष्कळदा वकिलाचा प्रश्न, साक्षीदाराची मान आणि न्यायाधीशांचं वाक्य मिळून तयार झालेलं असतं.

मामा : बरं, तुझंच घे. साक्षीदार मनला, ‘मी जनावरं सोडायलो व्हतो.’ मी लिहिलं, ‘मी जनावरे सोडत होतो.’ यात काय बुडालं?

भाची : काही नाही.

मामा : काही नाई ना? तुमच्या लोकांचं मला हेच कळत नाई. ‘करायलो’चं ‘करत आहे’ झालं, ‘येळ’चं ‘वेळ’ झालं, की लगेच भाषा मेली मनता.

भाची : ते मी म्हणत नाही. ‘सोडायलो व्हतो’ आणि ‘सोडत होतो’ यांत काम तेच, काळ तोच. सेनगावच्या पुढं विदर्भाकडं कुणी ‘सोडून राहिलो होतो’ म्हणेल, नांदेडकडं ‘सोडू लालतो’. न्यायनिवाड्यात त्यानं फरक पडत नाही. ही रूपं मला माझ्या अभ्यासासाठी हवीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यात अशीच रूपं गावोगाव जाऊन टिपली आहेत. कोर्टानं ते काम करावं असं नाही. पण ‘मने’चं काय?

मामा : कोणतं मने?

भाची : ‘त्यानं बांध फोडला मने.’ हे तुम्ही कसं लिहाल?

मामा : ...‘त्याने बांध फोडला.’

भाची : मग तो साक्षीदार बांधावर हजर होता?

मामा : नाई. ऐकलेलं व्हतं.

भाची : हे त्यानं सांगितलं होतं, मामा. एका शब्दात सांगितलं होतं.

या ठिकाणी मला थांबावंसं वाटतं, कारण सगळ्या वादाचा कणा हाच आहे. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, पाहिल्याचं पाहणाऱ्यानं आणि ऐकल्याचं ऐकणाऱ्यानंच सांगावं, हे 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 60. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय साक्ष अधिनियमानं घेतली, तत्त्व तेच राहिलं. हा भेद पाळायला कायद्याला कलम लागलं. मराठी बोलणारी निरक्षर बाईसुद्धा तो चुलीपुढं बसून सहज पाळते. ‘ती माहेरी गेली’ आणि ‘ती माहेरी गेली मने’ यांत ती कधी गोंधळ करत नाही. पाहिलं नसेल तर ‘मने’ लावते, अंदाज असेल तर ‘असंल’ म्हणते, आठवण धूसर असेल तर ‘वाटतं’ जोडते. आपल्या बोलण्यात साक्षीची शिस्त आधीपासून आहे. ती कागदावर जाताना मोडते, आणि मोडल्याचा दोष बोलणाऱ्याच्या माथी येतो.

कारण पुढं उलटतपास असतो. साक्षीदार कोर्टात म्हणतो, मी स्वतः पाहिलं नाही. वकील पोलिसांपुढचा जबाब काढतो : तिथं तर पाहिल्यासारखं लिहिलंय. मग मराठी साक्षीपत्रांत ठिकठिकाणी दिसणारं ते वाक्य येतं : ‘ते माझ्या जबाबात तसे का लिहिले, याचे कारण मी सांगू शकत नाही.’ तो कसा सांगणार? लिहिलं त्यानं नव्हतं.

मामा : ‘मने’चं तुझं खरं हाय. ते मी गाळायला नको व्हतं. पण सगळीच माणसं ‘मने’ इतकं तोलून लावत नाईत. काही जण सवयीनं लावतात. डोळ्यांनी पाहिलेलं असतं, तरी भ्यायलेला माणूस मनतो, ‘मारलं मने.’ अंगावर घ्यायचं नसतं त्याला.

भाची : मग तर ते ठेवायलाच हवं. भ्यायलाय हे कळायला दुसरी जागा कुठं आहे?

मामा : आन् ठिवलं, तर वकील मनंल ऐकीव माहिती, साक्ष बाद. भ्यायलेल्या माणसाची खरी साक्ष ‘मने’पायी जाईल. ते चालंल का तुला?

भाचीजवळ याला चटकन उत्तर नसावं. माझ्याजवळही नाही. एवढंच म्हणता येतं, की अशा वेळी न्यायाधीशांनी विचारावं, तू पाहिलंस का? तो प्रश्न ‘मने’ ऐकू आलं तरच सुचतो. टंकलेखकाच्या बोटांतच ते गळालं, तर सुचणारही नाही.

भाची : ‘काठीबिठी’ आठवते तुम्हाला? तुम्हीच सांगितलं होतं मागे.

मामा : आठवते. बाई मनली, ‘त्याच्या हातात काठीबिठी व्हती.’ लिहिलं, ‘हातात काठी होती.’ डॉक्टरच्या कागदात जखम धारदार हत्याराची. वकिलानं तिला खोटं पाडलं.

भाची : ती काठी म्हणालीच नव्हती. काहीतरी लांबट हातात होतं, नीट दिसलं नाही, एवढंच ती म्हणाली. चहाबिहा घ्या म्हटलं की तुम्ही काय समजता? चहाच हवा असं नाही, सरबत चालेल, नुसतं बसलात तरी चालेल. ‘पोलीसबिलीस येतील’ म्हणणाऱ्याच्या डोक्यात तलाठीही असतो. तिनं नेमकेपणा मुद्दाम सोडला होता, प्रामाणिकपणानं. आपण तो तिच्यावर लादला.

मामा : पण तिला इचारायला पाहिजे व्हतं की, काठी का दुसरं काही?

भाची : तेच म्हणतेय मी.

मामा : तू लिहायचं मनायलीस. मी इचारायचं मनायलो. ह्यात फरक हाय. लिहिणाऱ्याचं काम साफ करायचं असतं. कच्चं बोलणं तसंच कागदावर टाकणं मंजे काम टाळणं. आन् दुसरं ऐक. आमचे वडील सांगायचे, निजामाच्या काळात कचेरीत उर्दू. माणूस मराठीत बोलायचा, लिहिणारा उर्दूत उतरवायचा, सही नाईतर अंगठा घ्यायचा. काय लिहिलं ते त्याला वाचता येत नव्हतं. सप्टेंबर 1948 ला राज्य गेलं, पुढं मराठी आली, तवा लोकांना वाटलं, आता आपलं आपल्याला कळंल. ही जी कोर्टाची मराठी तुला कृत्रिम वाटते ना, ती आम्हाला हक्क मनून मिळाली. सगळ्या महाराष्ट्राला कळंल अशी एक मराठी. मी ‘व्हतं’, ‘न्हाई’, ‘मनलं’ असं लिहून पाठवलं, आन् अपिलात ते संभाजीनगरच्या खंडपीठापुढं गेलं, तर वाचणारा काय समजंल? अडाणी हाय. अडाण्याच्या बोलण्यावर कोण भरवसा ठिवतं? आपल्या माणसाची इभ्रत राहावी मनून मी शुद्ध लिहीत आलो.

मामांचं हे बोलणं मला मनापासून पटतं, आणि त्याचंच दुःखही होतं. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय की ‘व्हतं’ म्हणणाऱ्याचं कुणी ऐकून घेत नाही. ‘व्हतं’ला किंमत मिळवून देणं त्यांच्या हातात नव्हतं. ‘होते’ लिहिणं होतं, ते त्यांनी केलं. वसमत तालुक्यातले इंद्रजित भालेराव ‘पीकपाणी’त याच मातीतली बोली घेऊन आले आणि मराठी कवितेनं ती मानानं घेतली. कवितेत जी भाषा अस्सल ठरली, तीच साक्षीत अडाणीपणाची खूण ठरू नये, एवढं व्हायला हवं.

भाची : इभ्रतीचं मी नाकारत नाही. पण लेखननियमांतसुद्धा पात्राच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहायची सोय आहे.

मामा : पात्राच्या. साक्षीदार पात्र नाई, बाई. कवितेत चूक झाली तर कुणी जेलात जात नाई.

भाची : म्हणून तर त्याचे शब्द जास्त जपायचे. मी म्हणते ‘व्हतं’चं खुशाल ‘होतं’ करा. पण ‘मने’, ‘असंल’, ‘वाटतं’, ‘बिठी’ राहू द्या. इभ्रत पहिल्यानं राखली जाते, खरं दुसऱ्यानं. आणि हे माझं एकटीचं म्हणणं नाही. नागपूरच्या एका खुनाच्या प्रकरणात, खुशालराव विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालयानं 1957 मध्ये सांगितलंय, की मृत्युपूर्व जबाब दंडाधिकाऱ्यानं प्रश्नोत्तरांत आणि शक्य तोवर बोलणाऱ्याच्याच शब्दांत घेतला असेल, तर त्याचं वजन मोठं.

मामा : आन् 2002 ला घटनापीठानं, लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य, मृत्युपूर्व जबाबाला ठरलेला साचा लागत नाई असंही सांगितलं. खुणेनंसुद्धा चालतं. मंजे कोर्ट आशय बगतं.

भाची : खुणेनं चालतं, म्हणजे खूण नोंदवावी लागते.

मामांना हे आवडलं असावं. कामात मुरलेल्या माणसाला नेमकं उत्तर आवडतं, ते विरुद्ध असलं तरी.

मराठीत याची परंपराही आहे, ती आपण विसरलो. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचलं ते चक्रधरस्वामींच्या सहवासातल्या माणसांना गाठून, विचारून, आठवणी पडताळून. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी वेगळ्या निघाल्या, तर महानुभावांनी ते वेगळेपणही कुणाचं ते सांगून जपलं. बोललेलं लिहिताना कुणी सांगितलं हे सोडायचं नाही, ही शिस्त मराठी गद्यानं जन्मतःच शिकली होती.

मामा : एक गोष्ट तू अजून बोलली नाईस. तांडे. सेनगावकडच्या तांड्यावरची बाई गोरमाटीत विचार करते, आपल्याशी मराठी बोलते, मी ती कोर्टाच्या मराठीत लिहितो, अपिलाला जाताना तिचं इंग्रजी होतं. चार भाषा. तिथं तुझं ‘मने’ कुठवर टिकंल?

भाची : निदान तुमच्या हातून जाईपर्यंत तरी टिकेल. पुढचं पुढच्यांनी बघावं.

मामा : हां. आन् नाती. बाई ‘पाटील मामा आले’ मनते, कागदावर ‘माझे मामा’ होतं. वकील मनतो, नातेवाईक साक्षीदार, हितसंबंधी. आपल्याकडं तर सगळेच मामा, काका. नवऱ्याचं नाव कागदात असतं, पण ते तिच्या तोंडून कधी निघत नाई. ‘ते’ मनते, ‘पोराचे बाप’ मनते. तिथं मी नाव घातलं, ते गरजेचंच व्हतं.

भाची : ते बरोबरच केलंत. कोण हे पक्कं व्हायलाच हवं. पण ‘हूं’चं काय केलंत?

मामा : कोणतं हूं?

भाची : वकील म्हणतो, तुमचं आणि आरोपीचं शेताच्या बांधावरून पूर्वीपासून वैर आहे. ती म्हणते, ‘हूं.’ तुम्ही?

मामा : ‘हे म्हणणे खरे आहे की, आमचे आरोपीसोबत शेताच्या बांधावरून पूर्वीपासून वैर आहे.’ असंच लिहितात. नाई मनली तर ‘हे म्हणणे खरे नाही की.’

भाची : ‘हूं’ म्हणजे ‘हो’ का?

मामा : ...कधी असतंय. कधी नुसतं, ऐकायले, सांगा पुढं.

भाची : आजी गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार दिला नाही तर थांबायची. आपण ‘हूं’ म्हणायचो ते राक्षसानं राजकन्येला नेलं याला संमती म्हणून नव्हे. ती बाई पिंजऱ्यात तेच करत असते. मोठा माणूस बोलतोय, मध्ये तोडायचं नाही, ऐकतोय एवढं कळवायचं. आणि कागदावर ती वैर कबूल करून बसते.

या बारीक गोष्टींकडे जगानंही उशिराच पाहिलं. 1974 मध्ये हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या तिघांनी साध्या गप्पांतली बोलण्याची पाळी माणसं कशी घेतात यावर निबंध लिहिला, आणि संभाषणाचा अभ्यास ही स्वतंत्र विद्या म्हणून उभी राहिली. 2009 मध्ये दहा भाषांची तुलना छापून आली. मराठी त्यात नव्हती, पण निष्कर्ष आपल्याला ओळखीचा वाटेल : प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागही पुरतो, आणि नकार होकारापेक्षा उशिरा येतो. ‘बघू’ म्हणण्याआधी आपला माणूस जो दम घेतो, त्यातच नाही आलेलं असतं. साक्षीदाराच्या वागण्याबोलण्याबद्दल शेरा नोंदवायची तरतूद कायद्यात आहे. त्या शेऱ्यात असा दम आला, तर तोही साक्षीचा भाग ठरेल.

मामा : आता नव्या कायद्यानं झडती, जप्ती यांचं चित्रीकरण सक्तीचं झालंय. जबाबाचंही करता येतं. मंग तुझं ‘हूं’, ‘मने’, दम, सगळं यंत्रात राहील. भांडणच मिटलं.

भाची : यंत्रात राहील, पण निकाल देताना माणूस कागद वाचणार. चित्रफीत कुणी काढून बघेल तेव्हा. कागद आणि फीत जुळली नाही, तर पुन्हा तीच बाई खोटी ठरेल. आता तर जास्तच.

मामा : ते खरं. पण ‘हूं’ मी लिहिणार नाई, सांगून ठिवतो. मी ‘हूं’ लिहिलं तर एक वकील मनंल हो, दुसरा मनंल नाई, आन् साहेब माझ्याकडं बघतील.

भाची : बघू द्या ना. तुम्ही सांगा, साहेब, ही नुसतं ऐकायली, उत्तर दिलं नाही अजून.

मामा : मंजे तिला पुन्हा इचारावं लागंल.

भाची : हाव. पुन्हा विचारावं लागंल.